एकवीस मुत्तु, पैकी तीन खोटे

"सात!" जामदार ओरडला.

राजाने राणीच्या हाताचं आणखी एकदा चुंबन घेतलं. "आठ!" जामदार पुन्हा ओरडला. मागे दिवाणजी हात बांधून उभे. राणीची आत्याबाई पुढे वाकून बारकाईने बघतेय. तिच्या हातात पांढरं कापड. दर चुंबनानंतर ती पुढे होऊन राणीचा हात पुसत होती.

मी कॉफीचा कप घेऊन सेटच्या दारात उभी. "कट" म्हणायचा अधिकार माझा नाही. तरी मी इतक्या जोरात "कट!" म्हणाले की शेजारच्या कारखान्यातला एक माणूस डोकावून गेला.

माझं काम आधी सांगते. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झाले आणि एका मराठी मालिकेची हिस्टरी कन्सल्टंट झाले. कर्नाटकातल्या एका जुन्या मराठी संस्थानाची ही गोष्ट. मालिकेत संस्थानाचं नाव बदललंय, तेव्हा मीही सांगत नाही. माझं काम म्हणजे स्क्रिप्टचं प्रत्येक पान वाचायचं, चुका लाल पेनाने काढायच्या आणि खाली सही करायची. माझी सही नाही तर शूटिंग नाही. शिवाय राजाच्या मनगटावरचं घड्याळ काढायला लावायचं. ते रोजच करावं लागतं.

आमचा राजवाडा बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. शेजारी लोखंडी वायसर ठोकायचा कारखाना. दर चार सेकंदांनी ढण्ण. नट मंडळी मधल्या वेळात वाक्य बसवायला शिकली. त्यामुळे आमचा राजा फार विचार करून बोलतो असं प्रेक्षकांना वाटतं.

आता या चुंबनांकडे येते. मालिकेला आधार होता बारा मोडी कागदांचा. ते दिले दत्तूअण्णांनी. त्या राजघराण्याचे ते आजचे वारस. माझे नात्याने कुणी नाहीत. पण बेंगळुरात साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्या आणि परत जायचं राहून गेलेल्या आम्हा मराठी घरांत कुठलाही वडीलधारा माणूस अण्णाच असतो. अण्णा इंदिरानगरला राहतात. डावीकडे पब, उजवीकडे जिम, आणि मधल्या घरात पलंगाखाली कागदांनी भरलेली पेटी. ती पेटी मला वाचायला द्या म्हणून मी वीस वर्षं त्यांच्या मागे होते. वीस वर्षं ते "बघू" म्हणत होते. तोवर आत कसर मन लावून काम करत होती. शेवटी मालिकेच्या निमित्ताने बारा कागद सुटले.

अट एकच. "कागदात आहे त्यात वाढवायचं नाही, कमी करायचं नाही. हे नीट झालं तर पेटीचं बोलू. नाहीतर पेटी माझ्याबरोबर जाईल."

अण्णा ऐंशीच्या पुढचे. शब्दाचे पक्के. आणि त्या दिवशी बारा वाजता ते शूटिंग बघायला येणार होते. नेमका राजाच्या निरोपाचाच सीन कधी आहे ते त्यांनी फोन करून विचारून घेतलं होतं. घड्याळात साडेनऊ झाले होते आणि सेटवर आठ चुंबनं झाली होती.

"प्रकाश सर, हे काय चाललंय?" मी डायरेक्टरला विचारलं.

प्रकाश सर मूळचे इथलेच. मराठी या मालिकेवर शिकले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा सही आहे."

त्यांनी पान पुढे केलं. त्यावर छापलं होतं: 'मोहिमेवर निघताना राजा राणीला एकवीस मुत्तु देतो. पैकी तीन खोटे निघतात. राणी ते परत करते.' खाली लाल पेनाने माझं अक्षर: 'बरोबर. मूळ कागदाप्रमाणे. जामदार हजर हवा, मोजणी मोठ्याने. पारखायला आत्याबाई जवळ असाव्यात. पांढरं कापड हवंच. घाई करू नये.' आणि सही. झोकदार.

जामदार म्हणजे दागिने सांभाळणारा अधिकारी. आणि मुत्तु म्हणजे कन्नडात मोती. संस्थानाचा कारकून मराठी लिहायचा, पण त्यात निम्मे शब्द कन्नड. आमच्याही घरात मोत्याला मुत्तुच म्हणतात. आईच्या कुड्या मुत्तूच्या. तेव्हा मी तो शब्द जसाच्या तसा उतरवला. अर्थ लिहायचं मनातही आलं नाही.

कन्नडात मुत्तु म्हणजे मुकासुद्धा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेजारची बाई नातवाकडे दिवसातून दहा वेळा मुत्तु मागते. पण ते शेजारी. आमच्या घरात मोत्याचं नाव निघतं. मुक्याचं नाव काढायची वेळच येत नाही.

लेखक होता निखिल. पुण्याचा, कोरमंगलात पीजीत राहणारा, बेंगळुरात येऊन सहा महिने झालेला. मुत्तु शब्द अडला तेव्हा त्याने मला विचारायला हवं होतं. पण मी लाल पेन घेऊन बसते म्हणून तो मला टाळायचा. त्याने एका असिस्टंट डायरेक्टरला विचारलं. तो म्हणाला, "किस, सर." झालं.

निखिलचा आनंदही समजून घेतला पाहिजे. चॅनेलला पहिल्या दिवसापासून रोमान्स हवा होता आणि मी तो कापत होते. चांदण्यातला नौकाविहार कापला, कारण तळं कोरडं होतं. झोपाळा कापला. वेश बदलून बाजारातली भेट कापली. 'कागदात नाही' एवढंच लिहायचे. परिणाम असा की राजा-राणी कित्येक एपिसोड तळ्याचा गाळ काढण्यावरच बोलत होते. चॅनेलने मालिका बंद करायची भाषा सुरू केली होती. अशा वेळी मीच एकवीस चुंबनांवर सही केली. वर 'घाई करू नये' असंही लिहिलं.

"मॅम, मला वाटलं तुम्ही फायनली ओपन झालात," निखिल म्हणाला. बिचारा खरंच भारावला होता.

"आणि ते पांढरं कापड?"

"ते कुणालाच नाही कळलं. म्हणून आत्याबाईंना दिलं. हायजिन."

"आणि जामदार मोजतोय त्याचं काही वाटलं नाही तुला?"

"रॉयल लोकांचं काहीही असू शकतं, मॅम."

मी कपाळाला हात लावला. मग माझ्या सहीनंतर त्याने फुलवलेल्या पानावर तीन खोट्यांचं काय केलंय ते वाचलं. राणीच्या तोंडी वाक्य होतं: 'महाराज, एकविसांपैकी तीन खोटे होते. कुठले, ते आपल्याला माहीत आहे. हे घ्या परत. पुढच्या वेळी खरे घेऊन या.' त्यानंतर राणी तीन चुंबनं परत करते.

वाक्य चांगलं होतं. तेच तर दुखणं होतं. चॅनेलची मंडळी म्हणे ते वाचून मीटिंगमध्ये उभी राहिली होती.

मी चूक कबूल केली. सगळ्यांसमोर, माइकवर, कारण ढण्णमध्ये कुणाला ऐकू जाईना. "मुत्तु म्हणजे मोती. चूक माझी."

निखिल खाली बसला. राजाने निमूटपणे ओठ पुसले. त्याला पहाटेपासून सर्दी होती. आत्याबाईच्या कापडामागचं निम्मं कारण आता कळलं.

प्रकाश सर म्हणाले, "मॅडम, हिस्टरी पाहिजे, सरी, बरोबर. पण रोमान्स नाही दिला तर सीरियल बंद. मोती देण्यात काय रोमान्स? दुकानात पण देतात. तुम्हीच सांगा. बाराच्या आत."

 उपाय सुचला तो अनन्याला. ती राणी. बेळगावची पोरगी, कन्नड-मराठी दोन्ही पाण्यासारखं. ती म्हणाली, "अक्का, राणीला कसं कळलं तीन खोटे ते?"

"दातावर घासून. पुढच्या दातावर मोती हळूच घासायचा. खरा असला की किंचित खरखरतो. खोटा गुळगुळीत सरकतो."

मी कानातली कुडी काढून दिली. अनन्याने ती पुढच्या दाताला लावली, हळूच फिरवली आणि राजाकडे नुसतं बघितलं.  कारखान्याची दोन ढण्ण होऊन गेली तरी सेटवर कुणी हललं नाही. वर लाइट धरलेला माणूस म्हणाला, "अय्यो."

"असं एकवीस वेळा?" प्रकाश सरांनी विचारलं.

"कागदात एकवीसच आहेत," मी म्हणाले. हे वाक्य इतक्या आनंदाने मी नोकरीत पहिल्यांदाच म्हटलं असेन.

मग धावपळ. आर्ट डिपार्टमेंटकडे सुटे मोती नव्हते. एक प्लास्टिकची माळ तोडली. मोती ताटात ठेवले तर शेजारच्या प्रत्येक ढण्णला एकेक उडी मारून सिंहासनाखाली जायचा. दिवाणजी गुडघ्यावर बसून शोधू लागले. "म्हणून पांढरं कापड," मी निखिलला म्हणाले, "मोती घरंगळू नयेत म्हणून." त्याने वहीत लिहून घेतलं.

पहिला टेक सुरू झाला आणि अण्णा आले. अर्धा तास आधीच. रेशमी शर्ट, खिशात इस्त्रीचा रुमाल. मी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः मागे उभी राहिले. 

राजाने मोती ओंजळीत दिले. जामदार मोजू लागला. राणी एकेक मोती दाताला लावी, राजाकडे बघे, कापडावर ठेवी. राजा सर्दीमुळे तोंडाने श्वास घेत होता, पण कॅमेऱ्यात ते व्याकुळ दिसलं. नववा, चौदावा आणि एकविसावा तिने बाजूला काढले. निखिलचं वाक्य एका अक्षराचा बदल न करता बसलं. "पुढच्या वेळी खरे घेऊन या."

"ओके!" प्रकाश सर ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सुटकेचा श्वास टाकला. वाढवलं नाही, कमी केलं नाही. पेटी वाचली.

अण्णा टाळ्या वाजवत नव्हते.

जेवणाच्या टेबलापाशी त्यांनी मला बाजूला बोलावलं. हातातला बिसीबेळे भात तसाच होता. "सुमे, स्वल्प इकडे ये. तू कमी केलंस."

"काय कमी केलं, अण्णा?"

"ते मोती नव्हते." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "माझी आज्जी सांगायची. निघताना राजानं राणीला एकवीस मुत्तु दिले. तीन देताना मन दुसरीकडे होतं, म्हणून तिनं ते परत केले. सांगताना आज्जी लाजायची. लाजेपायीच पेटी उघडली नाही मी इतकी वर्षं. मग म्हटलं, वय झालं आता. बघू देत लोकांना. म्हणून आज्जीनं दाखवून ठेवलेला हा कागद त्या बारांत मुद्दाम घातला."

 सगळ्या बेंगळुरात त्या एकवीस चुंबनांची वाट बघणारा एकच माणूस होता, आणि मी ती सकाळीच कापून टाकली होती.

अण्णांना मोडी येत नाही. मी पर्समधून कागदाची प्रत काढली आणि बोट ठेवून वाचली. ती जामदारखान्याची यादी होती, राजाने निघताना राणीला दिलेल्या वस्तूंची. वर 'शाल एक'. मग 'मुत्तु एकवीस, पैकी तीन खोटे, परत'. खाली 'गुलाबदाणी दोन'.

"म्हणजे मोतीच," अण्णा म्हणाले.

"मोतीच."

त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. मला त्यांच्याकडे बघवेना. मग जे वाक्य मी विद्यार्थ्यांना कधी खपवून घेतलं नसतं ते मी बोलून गेले. "अण्णा, चुंबन जामदार कशाला यादीत लिहील? यादीत नाही म्हणजे दिलंच नाही, असं थोडंच आहे?"

अण्णांनी त्या प्रतीवर बोट ठेवलं. "मग कुठं लिहिलं असेल?"

"लिहिलं असलं तर पत्रांत."

"पत्रं पेटीत आहेत," अण्णा म्हणाले. "उद्या ये. रिक्षा मोठी आण."

एपिसोड चांगला चालला. चॅनेलने मालिका बंद करायची भाषा बंद केली. एका दंतवैद्याचं पत्र आलं की असल्या गोष्टी दाखवू नका, लोक मोती चावतायत. मला एक धडा मिळाला: जो शब्द आपल्या घरात सगळ्यांना कळतो, त्याचाच अर्थ आधी लिहावा. आता मी प्रत्येक संशयित शब्दापुढे अर्थ लिहिते. निखिल मला आता टाळत नाही. उलट इतका विचारतो की परवा मीच टेबलामागे लपले.

पेटी माझ्या घरी आहे. निम्मे कागद वाचून झाले. शाली, घोडे, तूप, गाळ. अण्णा दर रविवारी फोन करतात. "सापडलं का गं काही?" मागच्या आठवड्यात राणीचं राजाला लिहिलेलं एक पत्र निघालं. चार ओळींचं. तीन ओळी तळ्याच्या गाळावर. शेवटची ओळ: 'येताना गूळ आणावा, लौकर आणावा.'

मी ते अण्णांना फोनवर वाचून दाखवलं.

"लौकर म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बघ," अण्णा म्हणाले. "गुळाची कुणाला एवढी घाई असते?"

मी माझ्या प्रतीत 'गूळ' शब्दापुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं.