दुसऱ्या वेळची धार

आमच्या घरात बाजारात बघून कधी म्हैस घेतली नाही. विकणारा आदल्या वेळचं दूध काढतच नाही ना! कास तुंबवून आणतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय जनावर आहे! म्हणून माझ्या सासऱ्यांनी मला नवी नवरी असतानाच शिकवलं होतं. मालकाच्या दारात जायचं, संध्याकाळची धार बघायची, मुक्काम करायचा आणि सकाळची पुन्हा बघायची. तुंबवलेलं पहिल्या धारेला निघून जातं. दुसऱ्या वेळची खरी. हे मी माझ्या नातीला ती पाळण्यात असल्यापासून सांगत आले. ती ऐकत असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

नगरला राहून ही नात कॉम्प्युटरची इंजिनियर झाली आणि म्हणाली, आता एम.टेक. करणार. पानाच्या फोटोवरून पिकाचा रोग ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं, असं काहीतरी तिच्या डोक्यात. दोन ठिकाणी नंबर लागला, एक पुण्यात आणि एक हैदराबादेत. पुण्याचं घेतलं तर शनिवारी दुपारी एसटीत बसली की संध्याकाळच्या धारेला शेवगावात. हैदराबादचं घेतलं तर थेट दिवाळीला. आता माझं मन कुठं होतं ते काय सांगायचं! मी धार काढायची आणि तिनं बाजूच्या कट्ट्यावर बसून जगभराच्या गप्पा मारायच्या, ही आमची ठरलेली बैठक.

पुण्याच्या कॉलेजनं पालकांना बघायला बोलावलं. मुलगा, नात आणि मी, तिघं गाडीनं गेलो. काचेची इमारत, आत एसीच्या खोलीत असा गारठा की मी पदर कानावरून ओढून घेतला. भिंतीवर सगळ्या सरांचे फोटो. नातीचा विषय शिकवणाऱ्या सरांचा तर चांगला मोठा. वर जेवायला गुलाबजाम.

"आई, इथंच घेऊन टाकू," मुलगा म्हणाला.

"व्हय, इथंच," मी लगेच मान डोलावली.

आम्ही परत निघालो. नगरजवळचं भिंगार मागं पडलं तेव्हा नातीनं विचारलं.

"आजी, गुलाबजाम कसे होते?"

"लई मऊ."

"आणि कास?"

"कसली गं कास?"

"तुंबवलेली होती का नव्हती? दुसऱ्या वेळची धार न बघता तू म्हैस घेतली असतीस?"

मुलगा असा हसला की गाडी बाजूला घ्यावी लागली. "घे आता, आई! तुझ्याच शाळेतली हाय ती."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी कुणाला न सांगता एसटीनं पुन्हा गेलो. त्या गार खोलीला कुलूप होतं. नातीनं कॅन्टीनमध्ये एका मुलीला त्या फोटोतल्या सरांबद्दल विचारलं. "ते ना? ते कधीच सोडून गेले," ती म्हणाली. "फोटो राहिलाय." कॉलेज वाईट नव्हतं हो. तिथल्या पोरांना नोकऱ्या लागत होत्या, ती मुलगीही खुशीत होती. पण नातीला जे हवं होतं, ते शिकवायला तिथं कुणी उरलं नव्हतं.

मग बापलेक हैदराबादला गेले, तेही कॉलेजला न कळवता. मला म्हशी सोडून जाता येईना, म्हणून नातीनं मोबाईलवर दाखवलं. आधी रंग उडालेला जिना दिसला.

"जिना काय दाखवतेस? माणसं दाखव," मी म्हणाले.

तिनं फोन दारातून आत धरला. फळ्यापाशी एक मुलगी उभी होती, मागं सर. त्या मुलीनं सरांनी लिहिलेलं तळहातानं पुसलं! सरांनी डोकं खाजवलं, हसले आणि खडू तिच्याच हातात दिला.

"त्यांचं चुकलं होतं, आजी, ती दाखवून देतेय," नात कुजबुजली.

"आन् सर चिडले न्हाईत?"

"अगं बघ ना तूच."

"आज काही खास हाय का तिथं?"

"काही नाही. बुधवार आहे."

तरी मी म्हणाले, उद्या पुन्हा जा. ती गेली, पुन्हा मोबाईल धरला. तीच खोली, तसाच वाद, फक्त आज पुसणारा दुसरा.

घरी आल्यावर दोघं माझ्यापुढं येऊन बसले. दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. "आई, तू म्हणशील ते," मुलगा म्हणाला. मी हैदराबादमध्ये खोट शोधत होते. भात खातात, भाषा वेगळी, लांब किती! पण धार मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, तीही दोन वेळची.

"तिकडचं घे," मी म्हणाले.

"बघ हं आजी, नंतर लांब पडतं म्हणशील."

"म्हणणार. रोज म्हणणार. पण तू तिकडचंच घे."

आता संध्याकाळी गोठ्यात मोबाईल पेंडीच्या डब्याला टेकवून ठेवते. ती तिकडून बोलते, मी इकडं धार काढते आणि कबूल केल्याप्रमाणं लांब पडतं म्हणते. परवा ऐटीत म्हणाली, "आज मी सरांचं लिहिलेलं पुसलं!"

"मग? काय म्हणाले?"

"परत लिहायला लावलं. माझंच चुकलं होतं."

मी एवढ्या मोठ्यांदा हसले की म्हैस बिचकली, आणि अर्धी बादली दूध कलंडलं.