उजव्या हातावरचं इष्टलिंग

त्रिवेणी ही सोनपेठच्या चंद्रप्पा किराणावाल्यांची धाकटी लेक. परभणीत चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घाबरट म्हणाल तर पहिल्या नंबरची. वर्गात नाव पुकारलं तरी तिच्या हातातला ब्रश खाली पडायचा. कागदावर मात्र तोच हात असा चालायचा, की सर मागे उभे राहून बघत राहायचे. सरांचा एकच धोशा असायचा, "माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा." त्रिवेणीने तो मंत्रासारखा पाळला आणि तिथंच घात झाला.

दिवाळीच्या सुट्टीत तिने अव्वाचं, म्हणजे आई चन्नबसम्माचं, चित्र काढायला घेतलं. चन्नबसम्मा रोज सकाळी अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची. समोर बसून टक लावायची हिची काय छाती! दाराआड बसून कपाटाच्या आरशात दिसणारी अव्वा तिने चार दिवस चोरून रेखाटली. रंग परभणीला येऊन भरले. चित्र जानेवारीतल्या प्रदर्शनाला निवडलं गेलं, काचेच्या फ्रेममध्ये बसलं, दर्शनी भिंतीवर लागलं. घरी कळवायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. पण सरांनी हौसेने चंद्रप्पांना फोन केला.

उद्घाटनाच्या सकाळी खोलीवर तिने स्वतःचं लिंग पूजेसाठी डाव्या तळहातावर घेतलं आणि काळजात धस्स झालं. लिंग डाव्याच हातावर घ्यायचं, विभूती आणि फूल उजव्याने वाहायचं. लिंगायताच्या घरात हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. चित्रातल्या अव्वाच्या मात्र उजव्या तळहातावर लिंग होतं. आरशाने उलटं दाखवलं, हिने उलटं उतरवलं, आणि दोन महिने रंगवताना ते हिच्या लक्षातही आलं नाही.

ती धावतच कॉलेजात गेली. "सर, माझं चित्र उतरवा. लिंग चुकून उजव्या हातावर आलंय."

"यादी छापून झाली. आणि डावं-उजवं कोण बघतंय?"

अप्पा, म्हणजे वडील, बघणार होते. प्रवेश घेतानाच त्यांनी बजावलं होतं, "घराण्याला एक बी बोल लागला, की चित्रं बंद. सरळ घरी यायचं." अकराच्या एसटीने ते येणार होते. दोनदा त्रिवेणीला वाटलं, फ्रेम काढून पळून जावं. पण पळायलासुद्धा धीर लागतो.

अप्पा आले, मागे अव्वा. अप्पा चित्रापुढे थांबले. आधी चेहरा खुलला, मग कपाळावर आठी पडली.

"लिंग उजव्या हातावर? ही कुठली पूजा? समाजातले चार लोक बघतील, काय म्हनतील?"

आरशाचं सांगावं म्हणून त्रिवेणीने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. तिला कॉलेज संपलेलं दिसत होतं.

"माझ्या डाव्या हाताला तव्याचा चटका बसला व्हता," अव्वा म्हणाली. "चार दिवस उजव्यावरच घेत व्हते."

"मला न्हाई दिसला."

"तुमी कवा बघता माझ्या हाताकडं?"

अप्पा चित्रातल्या त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले, मग पुढच्या चित्राकडे सरकले. त्रिवेणीला घरी न्यायचं नाव त्यांनी काढलं नाही.

चटका बसला नव्हता, हे त्रिवेणीला पक्कं ठाऊक होतं. अव्वा कधी साध्या गोष्टीतही खोटं बोलत नसे. तिने अव्वाचा डावा हात धरला.

"पूजेवरून खोटं बोलले गं मी," अव्वा हळूच म्हणाली. "लय भ्या वाटायलंय."

त्रिवेणीला रडू आलं.

"आन् दाराआड कशाला बसलीस? समोर बसायचं व्हतं. मी न्हाई म्हनले असते का?"