बावड्यात बुडालेली मडम

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. पुण्याच्या एका मासिकाला मी उगाच शब्द देऊन बसलो होतो की हॉलिवूडच्या एका हरवलेल्या मूकपटाचा शेवट शोधून देतो. त्याची एकही प्रत जगात उरली नव्हती म्हणे. पण कऱ्हाटीचे एक तात्या तरुणपणी तंबूच्या सिनेमात पडद्याशेजारी उभे राहून त्याची गोष्ट सांगायचे, असं कळलं. टेपरेकॉर्डर घेऊन मी त्यांना गाठलं.

तात्या रंगात आले. पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या त्यांना वाचता येत नव्हत्या, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. न्यायाधीशाचा त्यांनी मामलेदार केला होता आणि आगबोट म्हणजे भीमेतल्या होडीची थोरली बहीण. त्यांच्या गोष्टीत एक गोरी मडम लेकीला किनाऱ्यावर ठेवून बोटीत चढते, वादळ येतं, बोट कलते.

"मग?" मी पुढे सरकलो.

"मंग काय? शेवटचं रीळ आमच्याकडं कधी आलंच न्हाय. मीच कायबाय सांगायचो. पिंपळीत पोटभर जेवाय घातलं, तितं मडम वाचली. बावड्यात शिळी भाकर दिली, तितं बुडवली."

माझा लेख तिथंच बुडाला. पण चहा घेऊन येणाऱ्या काकू, तात्यांच्या पत्नी, दारातच थबकल्या. बावडा त्यांचं माहेर.

"म्हंजे ती मेली न्हवती?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेपकडं पाहिलं.

"आठ वर्साची हुते मी," काकू मला म्हणाल्या. "त्याच साली माझी आई पुरात गेली. पडद्यावरची तरी वर यील म्हनून बगत बसले हुते. ह्यांनी भाकरीपायी बुडवली तिला."

मला आलेलं हसू मी आवरलं.  तात्या गुडघ्यांवर हात रोवून उठले, पडद्याशेजारी राहावं तसे भिंतीला लागून उभे राहिले आणि एकट्या काकूंना सांगू लागले. लाट आली, मडमेच्या हाताला फळी लागली, पदर खोचून ती निघाली. मडमेला पदर कुठला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

"आन पोरगी?" काकूंनी विचारलं.

"किनाऱ्यावरच हुती. आईनं उचलून घेतली."

काकूंनी डोळे पुसले. "हे तवाच सांगाय काय झालं हुतं," म्हणाल्या आणि गार झालेला चहा परत आत घेऊन गेल्या. तात्या भिंतीपाशी उभेच राहिले.