बाबांनी बगीचा निंदला

माझे वडील आयुष्यभर चालले, पण बिनकामाचं एक पाऊल त्यांनी टाकलं नाही. घरून शेतात, शेतातून घरी, आणि शेजाऱ्याशी शेताच्या हद्दीवरच्या धुऱ्यावरून भांडण निघालं तर त्या धुऱ्यापर्यंत. अशा माणसाला मी अकोल्यात, मोर्णा नदीच्या काठच्या बगीच्यात सकाळी साडेसहाला फिरायला घेऊन गेले. चूक माझीच होती.

झालं होतं असं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा शेतात घसरले आणि गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. आई नाही, गाव तिकडे अचलपूर-परतवाड्याच्या पुढे, म्हणून मी त्यांना माझ्या घरी आणलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तेव्हा पाय अगदी मुसळासारखा ताठ. डॉक्टर म्हणाले, "रोज चालवा, हळूहळू वाकवा. महिनाभरात वाकला नाही तर असाच राहील."

तेवढ्यात अमरावतीहून माझ्या भावाचा फोन आला. गुडघा वाकला नाही तर वावर मक्त्यानं कसायला देऊन टाकू आणि बाबांना कायमचं तुझ्याकडेच ठेवू, असा त्याने एका दमात निकाल दिला. फोन स्पीकरवर होता. बाबा समोरच जेवत होते. त्यांनी अर्धी भाकर ताटात ठेवली आणि हात धुतले. इतकं झाल्यावर तरी माणूस गुडघा वाकवेल की नाही? छे. पलंगावर पाय लांब करून भिंतीकडे बघत बसायचे. गावी कापूस फुटायला आला होता, आणि हे इथे हट्ट धरून बसलेले. मला इतका राग यायचा की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

शेवटी बगीचा. पहिल्या दिवशी बाबांनी बाकावर बसून पाहणी केली. लोक गोल गोल फिरत होते.

"याइचं काय हरवलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा, चालतात."

"कुठं जाऊन राह्यले मंग?"

एक गृहस्थ उलटे चालत आले. बाबांनी त्यांना वाट करून द्यायला पाय आखडायचा प्रयत्न केला, तो आखडला नाही, आणि ते गृहस्थ पायावरून पडता पडता वाचले. पलीकडे हास्य क्लबवाले हात वर करून हसत होते. बाबा म्हणाले, "काय झालं ते इचारून ये बरं." मी म्हटलं, काही झालेलं नाही, ते असेच हसतात. त्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते की आपण पोरगी कुठल्या गावात देऊन बसलो.

नदीत जलकुंभीचा हिरवा गालिचा पसरला होता, त्यावर बगळे. मला ते दृश्य फार आवडतं. बाबांनी बराच वेळ निरखलं आणि "पीक जोरात हाय, पन कोनाचं हाय?" एवढंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना बाकावर बसवून एकटीच फेरी मारायला गेले. परत येते तर बाक रिकामा. नदीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग फुलांच्या गोल वाफ्यात मला एक पांढरी टोपी दिसली. टोपी हळूहळू पुढे सरकत होती.

बाबा निंदत होते. निंदणाऱ्या बायांच्या पातीत बसावं तसे उकिडवे बसून, दोन्ही हातांनी तण उपटत, मुळासकट. मागे ढीग लागला होता आणि अर्धा वाफा साफ.

"बाबा! काय करून राह्यले?"

"अवं, सारी घोळ माजली हाय यात. कोनी पाहतच नाई वाटते." मग त्यांनी एक जुडी माझ्याकडे धरली. "कवळी हाय. तुया ओढनीत बांध, डाळ टाकून भाजी कर."

ती घोळीची भाजी नव्हती. तो चिनी गुलाब होता. पानं तशीच जाड, देठ तसेच लालसर, आणि फुलं उमलतात ऊन चढल्यावर. पावणेसातला तो कुठल्याही वऱ्हाडी माणसाला घोळच वाटणार. मलाही क्षणभर फोडणीचा वास आला. शेजारी 'फुले तोडू नयेत' अशी पाटी होती, आणि खरं सांगायचं तर बाबांनी एकही फूल तोडलं नव्हतं.

मी कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत होते, आणि तेव्हाच माझं लक्ष गुडघ्याकडे गेलं. तो वाकला होता. पार शेवटपर्यंत.

मी काही बोलणार तोच पाण्याचा पाइप ओढत बगीच्यातली माळीण आली. साठीची, कासोटा घातलेली, हातात फावडं. तिने ढिगाकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"बाबाजी, हे तुमी उपडलं?"

"हो. घोळ होती."

"तुमच्या वावरात असन घोळ. हे म्या महिनाभर पानी घालून जगवलं."

बाबांचा चेहरा उतरला. शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याचं पीक उपटलं जाणं म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी पुढे होऊन म्हटलं, "बाबा, उठा आधी."

बाबा उठले नाहीत. खाली बघत म्हणाले, "उठता येते का नाई, ठाव नाई."

"म्हणजे?"

"खाली बसलो आन् उठता नाई आलं त चार लोकाइसमोर कसं करू? म्हून त बसत नव्हतो इतके दिवस. आता घोळीच्या नादात बसून गेलो."

म्हणजे हट्ट नव्हताच. भीती होती. आणि मी त्या भीतीवर भांडी आपटत होते. मला स्वतःची फार लाज वाटली, पण माळणीला अशा गोष्टींसाठी वेळ नव्हता.

"उठाची घाई कोनाले हाय?" ती म्हणाली. "बसले हा त पहिले सारं लावा. काडी खोसली का मूळ धरते ते."

बाबांनी तासभर बसून, सरकत सरकत, काडी न् काडी परत लावली. वर तिलाच सांगितलं की तुझ्या ओळी वाकड्या होत्या. शेवटी तिने फावडं त्यांच्यासमोर जमिनीत रोवून घट्ट धरलं आणि तोंड दुसरीकडे केलं. मीही नदीकडे पाहत राहिले. मागून एक मोठं "हुं" ऐकू आलं. वळून पाहिलं तर बाबा उभे.

त्यानंतर मला त्यांना उठवावं लागलं नाही. वाफा आपल्या जबाबदारीचा झाला होता, म्हणून सहालाच चपला घालून दारात. रोज बसणं, उठणं आणि पाणी किती घालायचं यावर माळणीशी वाद. पंधरा दिवसांनी त्यांनी डॉक्टरांच्या खोलीत, कोणी न सांगता, फरशीवर उकिडवं बसून दाखवलं. हे कळल्यावर भावाने फोनवर पुन्हा मक्त्याचं नाव काढलं नाही.

"परतवाड्याची पहिली गाडी कितीले हाय?" बाबांनी त्याच संध्याकाळी विचारलं.

महिनाभर मी याचसाठी धडपडत होते, आणि आता मला रडू येत होतं. दोन दिवस राहिले असते तर कापूस काही पळून जात नव्हता. तसं मी बोलूनही दाखवलं. ते हसले आणि पिशवी भरायला लागले.

सकाळी स्टँडवर गाडी लागली. एसटीची पहिली पायरी उंच असते म्हणून मी खाली उभी राहून हात पुढे केला. बाबांनी दुखरा पाय आधी टाकला, दांडा धरला आणि चढून गेले. खिडकीची जागा मिळते का हे बघण्याच्या गडबडीत त्यांना माझा हात दिसलाच नाही.

"बाई, तुमाले चढायचं हाय का?" कंडक्टरने विचारलं.

मी नाही म्हटलं आणि हात खाली घेतला.