सखाबाईचे तीन दिवस

दिघोरीत दर दहावं घर आमच्या पाहणीत घ्यायचं होतं, म्हणून सखाबाई माझ्या वाट्याला आली. तलावाकाठचं शेवटचं घर. नवरा बुधराम तापानं गेलेला, एकुलती लेक जिजा दूर सिहोऱ्याला दिलेली. सखाबाई तलावात झिंगे धरायची, बाजारात नेऊन विकायची आणि घरी आली की गप्प असायची, कारण बोलायला कुणी नव्हतंच.

१९७९ साल होतं. गावातली माणसं रोज काय आणि किती खातात, हे शोधायचं आमचं काम. प्रत्येक घरी वर्षातून तीनदा जायचं, पावसाळ्यात धानाच्या रोवणीत, धानकापणीत आणि उन्हाळ्यात. दर खेपेला तीन दिवस. रांधण्याआधी तांदूळ-डाळ तोलायची, जेवणं झाली की उरलेलं तोलायचं. त्या घरी आपण मात्र घासही खायचा नाही, मापं बिघडतात. मी भंडाऱ्याची, कॉलेज शिकलेली, आणि नियमांच्या बाबतीत भलतीच खडूस. गावात मला 'तराजूवाली' म्हणत. म्हणेनात का!

सखाबाईचे कागद भरताना मला बरं वाटायचं. तिन्ही दिवस ताजा भात, लाखोरीची डाळ, झिंग्यांचं कालवण. एवढं चौरस जेवण भल्याभल्यांच्या घरी सापडलं नव्हतं. उरायचंही पुष्कळ. "जेव ना बाई," ती रोज म्हणायची. मी रोज माझा डबा उचलून तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचे.

उन्हाळ्याची शेवटची फेरी संपली. चौथ्या दिवशी मोटारीची वाट बघताना लक्षात आलं, शंभर ग्रॅमचं वजन तिच्याकडेच राहिलं. फणफणत परत गेले. चूल थंड होती. सखाबाई उंबऱ्याशी बसून शिळ्या भातात पाणी-मीठ घालून खात होती.

"हे काय? आज रांधलं नाही?"

"कालचा भात आहे ना."

"आणि तो संपल्यावर?"

"एकडाव टाकतो, दोन-तीन दिवस पुरते. एकटीच्या पोटासाठी कायले रोज चूल पेटवू?"

"मग मी येते तेव्हा रोज कसं रांधता?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "घरी मानूस येऊन राह्यलं तं रांधाच लागते, बाई. तुले इतकंबी समजत नाही?"

मला खरंच समजलं नव्हतं. नऊ दिवस मी माझ्याच पाहुणचाराची मापं घेतली होती. शरमेनं मला खाली बघवेना की वर. राहिलेलं वजन पिशवीत कोंबलं आणि म्हटलं, "मलाही वाढा." शिळं तिनं मला खाऊ दिलं नाही. भर दुपारी चूल पेटवली, दोन पाट मांडले, आणि माझ्यासमोर बसून स्वतः दोनदा भात घेतला.

निघताना तिनं विचारलं, "आता कवा येशीन?"

"रोवणीत," मी म्हणाले. पाहणी संपली हे मला ठाऊक होतं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

नागपूरच्या आमच्या सरांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांचं म्हणणं, तोलून लिहिलंय तेच धरायचं. अहवालात सखाबाई पोटभर जेवणाऱ्यांत गेली. माझी बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. तिथं भाड्याच्या खोलीत सकाळचंच रात्री एकटीनं खाताना तिची फार आठवण यायची. तरी गेले नाही.

गेले ती चार वर्षांनी. चूल होती तिथं गवत उगवलं होतं. शेजारच्या कुंताबाईनं सांगितलं, सखाबाई मागच्या थंडीत वारली. मग मला नीट न्याहाळून म्हणाली, "तराजूवाली तूच का? दरसाल रोवणी लागली का सखा तीन दिवस रांधे. दोन पाट मांडून बसे. कोनी येत नोव्हतं, मंग सांजच्याले आमच्या पोराईले आनून दे."

मी पाळीवरच्या त्याच मोहाखाली जाऊन बसले. पिशवीत डबा होता, तो उघडवेना.