बुटक्या गाडीचा जॅक

गाडीखालून बाहेर आलेले माणसाचे पाय मला बघवत नाहीत. माणूस धडधाकट असतो, आत पाना फिरवत असतो, मध्येच शीळही घालतो. पण बाहेरून नुसते पाय दिसले की मी तोंड फिरवते. कुंडलच्या रस्त्यावर उसाने भरलेली ट्रॉली जॅकवरून सुटलेली मी एकदा एसटीच्या खिडकीतून बघितली होती. खाली कोणी नव्हतं म्हणे. तरी तेव्हापासून जॅक या वस्तूवर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.

आणि आमच्या ह्यांना गाडीखाली शिरायची भारी हौस. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यातच त्यांची उमर गेली. पेन्शनीत आल्यावर पलूसजवळच्या आमच्या गावात त्यांनी हौसेनं एक जुनी गाडी आणली, तीही अशी बुटकी की मांजराला तिच्याखालून मान वाकवून जावं लागे. गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि हे असे कळवळायचे, की जणू त्यांचंच पोट कोणी खरवडतंय. घासून घासून इंजिनाखालचा पत्रा खिळखिळा झाला. तो आवळायचा म्हणजे गाडी उचलायला हवी.

गाडीबरोबर आलेला जॅक वाकलेला होता. घरात ट्रॉलीचा जॅक होता, बाटलीसारखा उभा, दणकट. पण तो ह्या गाडीखाली जाईचना. त्यावर ह्यांचा उपाय ऐका. अंगणात खड्डा खणायचा, जॅक खड्ड्यात बसवायचा आणि गाडी त्याच्यावर आणायची. खड्डा खणूनही झाला.

"आवं, काळी जमीन हाय ही. दगा देती," मी म्हटलं.

"भरल्याली ट्रॉली उचलतोय त्यो जॅक. ह्या डबड्याचं काय घिऊन बसलीस?"

आमच्या भागात जॅक म्हटला की पहिला प्रश्न, किती टनाचा? ऊस वाहणाऱ्यांना दुसरं काही सुचतच नाही. पण आमची अडचण वजनाची नव्हतीच, उंचीची होती. मी ह्यांना चाकातली हवा सोडायला लावली, कारण पंक्चर झाल्यावर गाडी आणखी खाली बसते आणि जॅक लागतो तो तेव्हाच. मग गाडीच्या कडेखाली उसाचं कांडकं उभं धरून बरोब्बर तेवढं छाटलं, पर्समध्ये टाकलं आणि ह्यांना घेऊन सांगली गाठली.

दुकानदार एकेक जॅक फरशीवर मांडत गेला, मी शेजारी कांडकं उभं करत गेले. उभे जॅक सगळे कांडक्याच्या वर. शेवटी चाकांवर सरकणारा एक लांबोडका, चपटा जॅक निघाला. तो पुरता खाली बसवला की कांडकं त्याच्याहून बोटभर उंच राहत होतं.

"टन कमी हाईत ह्याचं," हे पुटपुटले.

"गाडी उचलायची हाय का साखर कारखाना?" मी म्हटलं.

दुकानदार हसला, हे फुगले. जॅक नुसता उचलण्यापुरता. माणूस खाली जाणार असेल तर गाडी स्टँडवरच टेकवायची, हे मी ह्यांच्याच तोंडून फौजेच्या गोष्टींत ऐकलं होतं. म्हणून दोन लोखंडी स्टँडही हट्टानं घेतले. परतताना मी एसटीत गाढ झोपले. वाटलं, सुटलो एकदाचे.

पण लगेच खंडेनवमी आली. नवी वस्तू पुजल्याशिवाय वापरायची कशी? सासूबाईंनी पाटावर कोयते, विळे, खुरपी, पाने मांडले आणि पुढ्यात तो जॅक आणि दोन्ही स्टँड. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत जागचं हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मीही तो मुकाट्यानं पाळत आले होते.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटायला मेढ्याला, माझ्या माहेरी जायचं होतं. म्हणून खंडेनवमीच्या दुपारीच ह्यांनी गाडी धुवायला काढली. पाण्याचा जोराचा फवारा बसला आणि तो पत्रा एका बाजूनं सुटून खाली लोंबला. हे सगळं मला नंतर कळलं. मी आत डाळ शिजत घातली होती. बाहेर आले, तर समोर ते पाय.

नवा जॅक पूजेत म्हणून ह्यांनी ट्रॉलीचा जुनाच खड्ड्यात बसवला होता. गाडी धुतल्याचं सगळं पाणी त्याच खड्ड्यात उतरलेलं. जॅकचं बूड चिखलात एका अंगाला कलत होतं, हळूहळू, पण माझ्या डोळ्यांदेखत. ओरडावं तर हे दचकून हलतील, आणि हलले तर गाडी येईल.

"आवं, बाहीर या जरा," मी होईल तेवढ्या साध्या आवाजात म्हटलं.

"तू आत जा. चहा टाक."

"चहा झालाय. या."

"आत जा म्हणतोय न्हवं!" ते खेकसले.

मी आत गेले, पण चहा टाकायला नाही. पूजेसमोर उभी राहिले. कललेला जॅक डोळ्यांनी बघून आलेली मी, तरी पूजेला हात लावायची भीती वाटली. ही दोन्ही भयं एकाच छातीत मावत नव्हती. मग डोळे मिटले आणि एक स्टँड उचलला. झेंडू घरंगळत गेले.

"अगं ए, पूजेतलं हाय त्ये!" सासूबाई ओरडल्या.

"तुमचा ल्योक गाडीखाली हाय," मी म्हटलं आणि बाहेर पळाले.

गुडघे टेकून स्टँड गाडीच्या कडेखाली सरकवला, तर चिखलात तोही रुतायला लागला. "हात काढ! हात काढ तिथनं!" हे आतून ओरडत होते. खाली ठेवायला काहीतरी सपाट हवं होतं. तेवढ्यात घरात लोखंड धडाधड कोसळल्याचा आवाज झाला आणि सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सुटलेला, हातात पूजेचा पाट. त्यांनी तो माझ्यापुढे टाकला. मी पाट चिखलात दाबला, त्यावर स्टँड ठेवला आणि त्याचा दांडा ओढून गाडीच्या कडेपर्यंत वर आणला.

तेवढ्यात जॅक आडवा झाला. गाडी खाली आली. पाट करकरला. आणि ती थांबली.

आतून काहीच आवाज नाही. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांच्या बांगडीचा वळ उठला.

मग पाय हलले. इंच इंच करत हे बाहेर आले, अंगभर चिखल, शर्ट खांद्यापासून फाटलेला, तोंड पांढरं फटक. सासूबाई त्यांच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी मात्र तोंड सोडलं. फौज काढली, टन काढले, खड्डा काढला. "गाडी अंगावर यायला लागल्याली आन् तुमाला चहा सुचतोय व्हय?" बोलता बोलता मला रडू फुटलं.

हे पायरीवर बसले. तांब्यातल्या पाण्यानं तोंडावरचा चिखल धुतला.

"जॅक कलताना दिसत हुता मला," ते हळूच म्हणाले. "शर्ट पत्र्यात अडकल्याला. हालता येईना."

"मग सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर मला वडायला तू खाली शिरली असतीस. म्हणून म्हटलं, आत जा, चहा टाक."