आबांसाठी फायनलचं तिकीट

मी कोल्हापूर सोडलं त्या दुपारी स्टेडियमवर फुटबॉलची फायनल चालू होती आणि आमचे आबा एसटी स्टँडवर माझ्या बॅगांपाशी उभे होते. पेठेत कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तरुणपणी आबा तालमीच्या संघातून फुलबॅक खेळलेले. लग्न असो, मयत असो, फायनल चुकवायची नाही हा त्यांचा नेम. त्या दिवशी मात्र ते हाफटाइमलाच उठून आले. मुंबईची गाडी लागली तेव्हा म्हणाले, "पोचलीस की फोन कर. मॅच काय, दरवर्षी असतीया."

सिंगापुरात आधी भाड्याची खोली होती, मग सेंगकांगला फ्लॅट झाला. एम्प्लॉयमेंट पासवर आलेली मी पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी झाले. इथेच निहार झाला. त्याला मराठी कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिकडे राहिलेल्यांना वाटतं, पोरांना आम्ही शिकवलं नाही; इकडे आलेल्यांना ठाऊक आहे, शिकवूनही काय होतं ते.

आई गेल्यावर आबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले. मोबाइलला अजून बटणं होती तेव्हाची गोष्ट. नवरा कामासाठी जकार्ताला, मी दिवसभर वन-नॉर्थच्या ऑफिसात. घरी उरले ते आजोबा आणि नातू. एकाची कोल्हापुरी, दुसऱ्याची सिंगापुरी. मला धास्ती होती, हे दोघं बोलणार काय? पण एका संध्याकाळी मी आले तर दोघं इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, चेंडू घेऊन उभे. तिथे चेंडू खेळायला मनाई आहे अशी पाटी होती. ती आबांना वाचता येत नव्हती आणि निहार वाचत नव्हता. "पाय बघू नगंस," आबा सांगत होते, "कंबर बघ. पाय फसवत्यात, कंबर न्हाई."

त्याच महिन्यात निहारच्या ज्युनियर कॉलेजची टीम फायनलला पोचली. निहारचं नाव यादीत नव्हतंच. एका डिफेंडरचा घोटा मुरगळला आणि आयत्या वेळी त्याला घेतलं. तोवर खेळाडूंच्या घरच्यांचे पास वाटून संपले होते.

"जस्ट बाय लाह, ममा," तो म्हणाला. "आजोबा मस्ट कम."

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कॉलेजात गेले. तिकिटांची रांग जिन्यापर्यंत होती. माझ्यापुढे अजून बरीच डोकी असतानाच काउंटरवरच्या बाईनं हात वर केला, "नो मोअर ऑलरेडी." तरी मी पुढे गेले. सांगितलं, मुलगा खेळतोय, वडील इंडियाहून आलेत, त्यांचं वय झालंय, एकच द्या, मी बाहेर थांबते. बाई वाईट नव्हती. तिनं ड्रॉवर ओढून मला रिकामा दाखवला. "कॅनॉट लाह, आंटी. सॉरी आह."

मग फोन केले. ऑफिसातल्या मैत्रिणीला, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्यांना, निहारच्या मित्राच्या आईला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. कोल्हापुरात असते तर गेटवर कुणाचा तरी मेहुणा निघाला असता, नाहीतर आबांचाच एखादा चेला. इथे इतकी वर्षं काढली, पण एका गेटातून म्हाताऱ्या बापाला आत सोडेल असं एक माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं.

फायनलच्या दिवशी आबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून बसलेले. तिकीट नाही म्हटल्यावर म्हणाले, "गेटावर बघू की. कोणतरी भेटंल."

कुणी भेटलं नाही. गेटवरच्या मलाय काकांनी आबांना बसायला आपली खुर्ची दिली, पण आत सोडलं नाही. आत बँड वाजत होता. आबा मान वर करून आजूबाजूच्या इमारती न्याहाळत होते.

"ती बिल्डिंग कुणाची?"

"कुणाची म्हणजे? लोक राहतात तिथे."

"मग चल की."

त्या जुन्या इमारतीत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. उतरलो आणि उरलेला मजला धापा टाकत चढलो. कॉरिडॉरच्या कठड्यावरून मैदान दिसलं, पण अर्धंच. पलीकडचा गोल स्टँडच्या छपराआड. त्यात आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी सांगत राहिले, निळे आपले, पांढरे त्यांचे. "निहार कुठाय?" दर मिनिटाला प्रश्न. "कळत नाही, आबा. सगळे सारखेच दिसतात."

उत्तरार्धात आमच्या बाजूला एक निळा पोरगा उंच उडाला, कुणावर तरी आदळला आणि पडला. उठला नाही. माणसं धावली. स्ट्रेचर आलं.

"त्योच हाय?"

"नंबर दिसत नाही."

मी निहारला फोन लावला. रिंग जात राहिली. आबांनी कठडा घट्ट धरला होता. "हात कुठं धरलाय त्यानं?"

"खांद्याला."

"मग शुद्धीवर हाय. चल."

खाली पोचलो. गेटवरच्या काकांना म्हटलं, माझा मुलगा असेल तो. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

निहारच होता. खांद्यापाशी कॉलरबोन मोडलं होतं. हॉस्पिटलात असतानाच कळलं, टीम हरली. पोरगा तेव्हा रडला. "वी लॉस्ट, आजोबा." आबा त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवून बराच वेळ बोलत राहिले. ती कोल्हापुरी त्याला सगळी कळली नसणार. भाषांतर करावंसं मला वाटलं नाही.

बाहेर टॅक्सीसाठी उभे होतो. "चला, घराकडं जाऊ," आबा म्हणाले. "भूक लागली असंल पोराला." आल्यापासून आमच्या फ्लॅटला ते 'तुझं बिऱ्हाड' म्हणत. घर म्हणाले ते तेव्हा एकदाच. निहारचा हात गळ्यातल्या झोळीत होता तोवरच त्यांच्या मुक्कामाच्या पासची मुदत संपली आणि ते परत गेले. पुढे दोन-तीन वर्षांत वारले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मंडळात लोक अजून विचारतात, "यंदा घरी कधी?" मी तारीख सांगते. कोल्हापूरला जाते, चार दिवस भावाकडे राहते, सगळे जीव लावतात. पण मी बॅग रिकामी करत नाही. लागतील तेवढेच कपडे काढते आणि ती भिंतीशी उघडीच ठेवते. बिऱ्हाडात ठेवतात तशी.